शून्यावर आलेला काटा

बाबांच्या वहीत पहिल्यांदा शून्य आलं, तेव्हा आईने त्या पानाला हळदकुंकू वाहिलं. मी तिच्यावर ओरडले, "अगं, वही आहे ती! उद्या त्यांना लिहायचंय त्यात." आई म्हणाली, "लिहू दे ने. शून्य काय रोज येतं?" आणि तिने चक्क वहीला नमस्कार केला. मला हसू आलं, राग आला आणि थोडी भीतीही वाटली. भीती कशाची, ते पुढच्या आठवड्यात कळलं.

वही साधीच, शाळेतली मुलं वापरतात तसली, लांबडी. बाबांचं पोट फार दुखायला लागलं तेव्हा दुखण्यावर इलाज करणाऱ्या डॉक्टरीणबाईंनी त्यांना सांगितलं होतं, काका, दिवसातून तीन-चार वेळा एक आकडा लिहून ठेवा. काहीच दुखत नसेल तर शून्य, अजिबात सोसवत नसेल तर दहा. दुसऱ्या कुणी मागल्या कोऱ्या पानावर चार आकडे खरडले असते. बाबांनी पट्टी घेऊन रकाने आखले. वेळ, रीडिंग, शेरा. जागे असतील तेवढा वेळ दर तासाला नोंद. हात कितीही थरथरला तरी आकडा रकान्याबाहेर जायचा नाही.

सवयच ती. चौतीस वर्षं ते बडोद्याजवळ, छाणीच्या पुढे एका केमिकल कारखान्यात इन्स्ट्रुमेंट मेकॅनिक होते. प्रेशरचे, तापमानाचे, टाक्यांच्या पातळीचे काटे खरं दाखवतात की खोटं, हे तपासायचं काम. मी एकुलती एक. लहानपणी बाकीच्या मुलींना परीच्या गोष्टी मिळाल्या, मला मीटरच्या. त्यातली एक तर मी इतक्या वेळा ऐकली होती की पोळीचा कितवा घास आला की बाबा ती काढतील, हे मला आधी कळायचं.

कारखान्यात एका टाकीचा अलार्म सारखा वाजायचा. एका पाळीतला माणूस कंटाळला आणि त्याने अलार्मची वायर सोडून ठेवली. याला ते लोक बायपास म्हणत. बायपासचं एक रजिस्टर असे, त्यात कुणी केला, का केला हे लिहून सही करायची. याने लिहिलं नाही, पुढच्या पाळीला सांगितलंही नाही, आणि घरी जाऊन झोपला. पुढच्या पाळीला होता बाबांचा जोडीदार. अलार्म वाजत नाही म्हणजे सगळं आलबेल आहे, असं समजून तो टाकीखाली काम करत राहिला. टाकी भरून वाहिली आणि त्याचे दोन्ही हात कोपरापर्यंत भाजले. दिवाळीत ते काका आमच्याकडे फराळाला येत. त्यांच्या हातांची ताणलेली गुलाबी कातडी बघून मी चकलीची ताटली लांबूनच पुढे करायची. ते गेले की बाबा म्हणत, "अलार्म कधीकधी बंद करावा लागतो. त्यात गुन्हा नाही. बंद केलाय हे न सांगणं, हा गुन्हा." आणि मग पुढचा घास घेत.

असा हा माणूस. आणि याच्याशी आम्ही खोटं बोललो.

बाबांना स्वादुपिंडाचा कॅन्सर आहे, तो पसरलाय आणि ऑपरेशनचा उपयोग नाही, हे मला आणि आईला हॉस्पिटलच्या लिफ्टसमोर उभं राहून कळलं. मी लिफ्टचं बटण दाबतच राहिले, लिफ्ट आली तरी. आई मात्र चौथ्या मजल्यावरून तळमजल्यावर येईपर्यंत खोटं रचून मोकळी झाली. "आतड्याला सोजो आलाय असं सांगायचं. जुना सोजो आहे, उतरायला वेळ लागेल. समजलं ने?"

सोजो म्हणजे सूज. बडोद्यात मुक्काम पडून आमच्या घराला तीन पिढ्या झाल्या, त्यामुळे दुखणी आम्हाला गुजरातीत होतात. आईच्या तोंडचं 'ने'ही तिथलंच, मराठीतल्या 'ना'सारखं. खोटं बोल पण रेटून बोल, ही म्हण आईला बघूनच कुणी केली असेल. तिने सोजो शेजारच्यांना सांगितला, सोसायटीच्या वॉचमनला सांगितला, भाजीवालीला सांगितला. मी म्हटलं, बाबांना खरं कळायला हवं. ती म्हणाली, "ते हाय खाऊन आधीच जातील. तुला बाप हवाय का खरं हवंय?"

मी शाळेत आठवी-नववीला विज्ञान शिकवते. फळ्यावर माणूस काढून त्याचा मेंदू, पाठीचा कणा, मज्जातंतू दाखवते. वर्गात कुणी खोटं बोललं तर बाकावर उभं करते. त्या दिवशी मी आईपुढे गप्प बसले. दुसरं काही नाही, घाबरले होते. बाप हवा होता.

पुढे दुखणं असं वाढलं की मांजलपूरच्या आमच्या त्या दोन खोल्यांत त्याला जागा पुरेना. पोटात सुरू होऊन पाठीतून बाहेर निघतं, असं बाबा सांगायचे. गोळ्यांनी गुंगी यायची, शौचाला व्हायचं नाही, आणि दुखायचं ते दुखायचंच. आयुष्यात कधी आवाज न चढवलेला माणूस गुडघे पोटाशी घेऊन फरशीवर पडायचा आणि ओरडायचा. मी पहिल्यांदा ते पाहिलं तेव्हा हा आवाज आपल्या घरातून येतोय हेच मला खरं वाटेना. मी खिडकीतून रस्त्यावर बघितलं.

आई अशा वेळी स्वयंपाकघरात जाऊन मिक्सर लावायची. मला वाटायचं, चटणी करतेय. एकदा रागाने आत गेले, म्हटलं, बाबा तिकडे ओरडताहेत आणि तुला चटणी सुचतेय? बघते तर भांडं रिकामं. आई डोळे मिटून मिक्सरचं झाकण दोन्ही हातांनी दाबून उभी होती. मी बाहेर आले. नंतर शेजारीण मला जिन्यात भेटली तेव्हा म्हणाली, तुमच्याकडे हल्ली चटणी फार लागते हं.

मग डॉक्टरीणबाईंनी इंजेक्शनचं काढलं. त्या मला आणि आईला बाजूच्या खोलीत घेऊन गेल्या आणि कागदावर चित्र काढून समजावलं. पोटातल्या दुखण्याचा निरोप मेंदूकडे नेणाऱ्या मज्जातंतूंचं एक जाळं पोटात खोल, मणक्याच्या पुढे असतं. पाठीतून लांब सुई घालून, एक्स-रेमध्ये बघत बघत तिथवर जायचं. आधी भूल देणारं औषध घालून बघायचं. गुण येतोय असं वाटलं तर मग अल्कोहोल सोडून ते जाळंच बधिर करून टाकायचं. अल्कोहोल म्हटल्यावर आई पदर तोंडाला लावून म्हणाली, "आयुष्यभर थेंब नाही घेतला हो त्यांनी. आणि इकडे तर दारूला परमिट लागतं ने?" डॉक्टरीणबाई हसल्या. मीही हसले. त्या महिन्यात तोवर मी तेवढीच एकदा हसले असेन.

लगेच त्या गंभीर झाल्या. गाठीला याने काही होणार नाही, म्हणाल्या, ती वाढतच राहील. फक्त तिची खबर वर पोचणार नाही, काही आठवडे किंवा काही महिने. मग मला म्हणाल्या, "बेन, काकाने साचुं कही दो. पछी अघरुं पडशे." काकांना खरं सांगून टाका, नंतर अवघड होईल. मी आईकडे बघितलं. आईने मान हलवली, नाही.

पाठीतून सुई घालणार आणि नस बहिरी, म्हणजे बधिर, करणार, एवढं बाबांना माहीत होतं. गुजरातीत डॉक्टरीणबाईंनी त्यांना तसं सांगितलंही होतं. संमतीच्या फॉर्मवर मात्र आजाराचं नाव स्पष्ट लिहिलेलं होतं. आई म्हणाली, त्यांचा हात थरथरतो, ही सही करेल. दर तासाला रकान्यात आकडा बसवणारा हात तो! डॉक्टरीणबाई माझ्याकडे नुसत्या बघत राहिल्या. मी खाली बघितलं आणि बाबांच्या नावाखाली नातं लिहिलं, मुलगी, आणि सही केली.

आम्ही दोघी बाहेर बाकावर बसलो. आत बाबांना पालथं झोपवलं होतं. पाऊण तासाने त्यांना बाहेर आणलं. चेहरा पांढराफटक, ओठ कोरडे. मला वाटलं, गेलं सगळं. ते म्हणाले, "एक क्षण आत कुणी निखारा ठेवल्यासारखं झालं. मग काहीच नाही." थोड्या वेळाने त्यांनी वही मागितली. तेव्हा ते शून्य आलं.

मी मज्जातंतू शिकवते ना? इतकी वर्षं फळ्यावर काढते ना? पण खरं सांगते, त्या शून्यावर माझा विश्वास बसेना. सकाळी ज्या माणसाने पायरी उतरताना माझ्या दंडात नखं रुतवली होती, तो संध्याकाळी सेव-उसळ मागत होता. तिखट, जास्त तर्री घालून.

घरी आल्यावर दोन दिवस उठताना चक्कर यायची, पोट जरा सैल झालं. हे होणार असं आधीच सांगितलेलं होतं. तिसऱ्या दिवसापासून बाबा घरात फिरायला लागले. हिंचक्याच्या, गॅलरीतल्या झोपाळ्याच्या, कड्यांना तेल घातलं. गच्चीवरच्या टाकीचा बॉल-व्हॉल्व्ह बदलला. "सोजो उतरला," असं सोसायटीत स्वतःच सांगून आले. एका सकाळी गव्हाचा डबा स्कूटरवर पुढे ठेवून घंटीवर, म्हणजे गिरणीत, दळण आणायला गेले. मी धावत गॅलरीत आले तोवर ते वळणापलीकडे गेले होते.

आणि आई! ज्या बाईने लिफ्टमध्ये खोटं रचलं, ती आता त्यावर विश्वास ठेवायला लागली. मला वाटलं होतं, ती बाबांपुढे नाटक करतेय. पण ती मला एकटीला गाठून म्हणाली, "तुझ्या डॉक्टर लोकांचंच चुकलं असेल ने. सोजोच असेल. कॅन्सरचा माणूस असा व्हॉल्व्ह बदलतो का?" मी म्हटलं, आई, डॉक्टरीणबाईंनी तुझ्यासमोर सांगितलंय की गाठ तशीच आहे. ती म्हणाली, "बस ने आता, शुभ बोल." सत्यनारायण घालायचा ठरला. पेढे किती आणायचे यावर दोघांचा वादही झाला. त्या घरात खरं माहीत असलेली आता मी एकटीच होते. ते पोटात घेऊन मी दोघांना चहा करून देत होते.

शून्य येऊन सात दिवस झाले होते. दुपारी शाळेतून आले तर बाबा हिंचक्यावर बसलेले. म्हणाले, "बस इथे." चोराच्या मनात चांदणं. मी बसले नाही, उभीच राहिले.

"घंटीवर माल तोलायचा मोठा काटा आहे," ते म्हणाले. "पहिल्या दिवशी गेलो तेव्हा सहज उभा राहिलो. पन्नास किलो. आज परत गेलो. अठ्ठेचाळीस."

"पोट सैल होतं ना बाबा दोन दिवस..."

"ते बंद होऊन चार दिवस झाले. जेवण दुप्पट चाललंय." त्यांनी सदरा वर केला आणि माझा हात धरून स्वतःच्या पोटावर ठेवला, बरगड्यांच्या खाली. तिथे काहीतरी टणक होतं. "दाब. मला काही होत नाही."

मी हात ओढून घेतला. शिसारी नाही, धसका. इतके दिवस जे नुसतं कागदावर होतं त्याला माझी बोटं लागली होती.

"काटा शून्यावर आला की दोन शक्यता असतात," बाबा म्हणाले. कारखान्यातल्या नव्या पोरांना शिकवावं तशा शांत आवाजात. "प्रेशर खरंच गेलं. नाही तर प्रेशर आहे, पण काट्यापर्यंत पोचत नाही. म्हणून एका काट्यावर विश्वास ठेवायचा नाही, दुसरा बघायचा. मी दुसरा बघितला." त्यांनी सदरा खाली केला. "तुम्ही अलार्म बायपास केलाय. सही कुणाची आहे?"

"माझी," मी म्हणाले.

मग मी सगळं सांगितलं. लिफ्टपासून सगळं, आजाराच्या नावासकट. मला वाटलं होतं, त्यांना अंदाज असेल, ते नुसती मान हलवतील. तसं झालं नाही. त्यांना सूज आहे, फार तर एखादी साधी गाठ आहे जी काढता येईल, असंच वाटत होतं. नाव ऐकल्यावर त्यांचे पाय जमिनीला टेकले आणि हिंचका जागीच थांबला. त्यांचं तोंड उघडं राहिलं. बराच वेळ ते समोरच्या घराच्या वाळत घातलेल्या कपड्यांकडे बघत होते. मी त्यांच्या पायाशी खाली बसले. अशी थोबाडीत खाल्ल्यासारखी मी आयुष्यात कधी बसले नव्हते.

"दुखत होतं तेव्हा का नाही सांगितलंस?" शेवटी ते म्हणाले. "तेव्हा मी मरायला तयार होतो गं पोरी. रोज म्हणायचो, सुटलो तर बरं. तेव्हा सांगितलं असतंस तर चाललं असतं. आता कुठे मला जगावंसं वाटायला लागलंय."

दया म्हणून जे केलं ते इतकं क्रूर निघेल, हे माझ्या स्वप्नातही आलं नव्हतं.

तेवढ्यात आई बाहेर आली. हातात पंचांग. "पुढच्या गुरुवारी घालू ने सत्यनारायण? भटजींना वेळ आहे." आता बाबा तिला विचारणार. ज्या माणसाने आयुष्यभर एकाच गुन्ह्याला माफी दिली नाही, तो आता तिच्याकडे वळणार.

बाबा म्हणाले, "गुरुवार चालेल. पेढे मात्र दोन किलो आण, तुझा हात आखडता असतो." आई खूश होऊन आत गेली.

मी त्यांच्याकडे बघतच राहिले. ते हळू आवाजात म्हणाले, "तिला सांगू नकोस मला कळलंय म्हणून."

"बाबा, तुम्हीच तर म्हणायचात..."

"हो. मीच म्हणायचो." त्यांनी पायाने हिंचक्याला हलका झोका दिला. "मी जाणार हे तिला दिसेलच, आज ना उद्या. ते कुणाला चुकवता येत नाही. पण मला दुखतंय, हे तिच्या कानांवर परत जाता कामा नये. मिक्सर ऐकलाय मी. रिकामा मिक्सर आणि भरलेला मिक्सर, आवाजातला फरक मला कळत नाही असं वाटतं काय तुला? चौतीस वर्षं मशिनं ऐकलीयत."

सत्यनारायण झाला. बाबा सोवळं नेसून दोन तास पाटावर बसले. आईने सगळ्यांना वाकून वाकून प्रसाद दिला.

अडीच महिन्यांनी बाबांचे डोळे पिवळे झाले, मग अंथरूण धरलं. आई सोजो हा शब्द बोलायची बंद झाली. तिने काही विचारलं नाही, आम्ही काही सांगितलं नाही. पण रोज सकाळी आंघोळ झाली की ती आधी वही उघडायची आणि रात्रीचे, पहाटेचे आकडे बोट ठेवून वाचायची. शून्य. शून्य. शून्य. "एवढं तरी देवाने ऐकलं," असं म्हणून देवापुढे दिवा लावायची.

एका दुपारी मी त्यांची उशी बदलत होते. उशीचा अभ्रा घामाने चिंब भिजला होता. बाबांच्या जबड्याची शीर तटतटून वर आली होती. आई समोरच लसूण सोलत बसलेली. मी नुसत्या नजरेने विचारलं, किती? बाबांनी चादरीखालून माझ्या तळहातावर बोटं टेकवली. एक हात पूर्ण, मग तीन. आठ. त्यानंतर त्यांनी वही ओढून घेतली, घड्याळात बघून वेळ लिहिली आणि रीडिंगच्या रकान्यात, नीट मध्यभागी, शून्य काढलं.

चौतीस वर्षांत या माणसाने एकही खोटं रीडिंग लिहिलं नव्हतं. साहेबांनी दम दिला तरी नाही. ते शून्य बघून मला जो धक्का बसला, तो लिफ्टसमोरही बसला नव्हता.

मी त्याच दिवशी डॉक्टरीणबाईंकडे जाऊन खरा आकडा सांगितला. त्यांनी परत इंजेक्शनला अंग झेपणार नाही म्हणून गोळ्या वाढवून दिल्या. त्या मी ताकदीच्या गोळ्यांच्या बाटलीत भरून घरी आणल्या. आठाचे चार व्हायचे, कधी पाच. वहीत शून्यच. शेवटपर्यंत बाबा ओरडले नाहीत आणि मिक्सर फक्त चटणीसाठी लागला.

ती वही आता आईच्या देवघरात आहे, पोथीच्या खाली. कुणी भेटायला आलं की ती काढते, शेवटची पानं उघडते आणि रकान्यावरून बोट फिरवत खाली आणते. "बघा ने," म्हणते, "शेवटपर्यंत एक दिवस दुखलं नाही त्यांना." मग माझ्याकडे वळते, साक्ष काढायला. "हो ने गं?"

"हो," मी म्हणते.